सॅरा व्हॉन : पियानोच्या बाकावरून आलेला गळा

खर्जातली (मूळ लेख)

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जॅझ गाणाऱ्या स्त्रियांचा विषय निघाला की आपल्याकडे बिली हॉलिडे आणि एला फिट्झजेरल्ड ही नावे चटकन घेतली जातात, आणि तिसऱ्या नावापाशी मंडळी अडखळतात. ते नाव सॅरा व्हॉनचे असावे असे माझे ठाम मत आहे. तिच्या आवाजाच्या पल्ल्याबद्दल आजवर भरपूर लिहिले गेले आहे; मंद्रात तो इतका खोल उतरतो की ऐकणाऱ्याने दचकावे, आणि तिथून तार सप्तकात जाताना मध्ये कुठे सांधा जाणवत नाही. पण हा आवाज तिला उपजत मिळाला होता, त्यासाठी तिने गाण्याची रीतसर तालीम घेतलेली नव्हती. तालीम घेतली ती पियानोची, आणि तिचे सगळे गाणे या एका गोष्टीतून उलगडत जाते, हे मला येथे मांडायचे आहे.

तिचा जन्म २७ मार्च १९२४ रोजी न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे झाला. वडील सुतारकाम करीत आणि हौसेने गिटार वाजवीत. आई लोकांचे कपडे धुऊन देई आणि चर्चच्या गायनवृंदात गाई. वयाच्या सातव्या वर्षी सॅराची पियानोची शिकवणी सुरू झाली, आणि थोडी मोठी झाल्यावर ती माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायनवृंदात गाऊ लागली आणि साथीला वाद्यही वाजवू लागली. वृंदाची साथ करणाऱ्याला सगळ्या आवाजांवर एकाच वेळी कान ठेवावा लागतो. कोण कोणत्या स्वरावर उभा आहे, पुढच्या क्षणी कोण कुठे सरकणार आहे आणि त्या सगळ्यांची मिळून कोणती स्वरसंगती होणार आहे, हे बोटांना आधी कळावे लागते. पुढे हाच कान तिच्या गाण्यात आला. पंधरा-सोळाव्या वर्षी ती वय लपवून न्यूअर्कच्या नाइटक्लबांत जाऊ लागली, तेथे वाजवू आणि गाऊ लागली, आणि त्या पायी शाळा सुटली.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा होत असे आणि तेथील प्रेक्षक नवख्यांची गय करीत नसत. आपल्या मैत्रिणीच्या गाण्याला साथ करण्यासाठी सॅरा या रंगमंचावर प्रथम पियानोवर बसली होती. त्यानंतर १९४२ मध्ये ती स्वतः गायला उभी राहिली, 'बॉडी अँड सोल' गायली आणि पहिली आली. बक्षीस होते दहा डॉलर आणि त्याच थिएटरात आठवडाभर गाण्याची संधी. तो आठवडा नोव्हेंबरात आला, तेव्हा मुख्य कार्यक्रम एला फिट्झजेरल्डचा होता आणि सॅरा तिच्याआधी गात होती. लवकरच पियानोवादक अर्ल हाइन्स याने तिला आपल्या वाद्यवृंदात घेतले. तिची नेमणूक गायिका आणि दुसरी पियानोवादक अशी दुहेरी होती, आणि हा तपशील पुष्कळांच्या नजरेतून निसटतो.

१९४३ साली हाइन्सच्या त्या वृंदात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी होते. पुढे जॅझच्या ज्या वेगवान, गुंतागुंतीच्या शैलीला बीबॉप म्हटले गेले, ते संगीत प्रवासात, बसमध्ये, कार्यक्रम संपल्यानंतरच्या बैठकांत आकाराला येत होते, आणि विशी न ओलांडलेली ही मुलगी ते अगदी जवळून ऐकत होती. दुर्दैव असे की वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातलेला असल्यामुळे या वृंदाची एकही तबकडी निघाली नाही. पुढच्या वर्षी गायक बिली एक्स्टाइन याने स्वतःचा वृंद काढला, तेव्हा सॅरा त्याच्याकडे गेली. 'सॅसी' हे तिचे लाडके, थोडे खट्याळ टोपणनाव तेथल्या जॉन मलाची या पियानोवादकाने ठेवले. डिसेंबर १९४४ मध्ये तिच्या आवाजाचे पहिले मुद्रण झाले, आणि मे १९४५ मध्ये गिलेस्पी आणि पार्कर यांच्यासह तिने 'लव्हर मॅन' मुद्रित केले. हे गाणे बिली हॉलिडेच्या आवाजात लोकांच्या ओठी होते. सॅराने हॉलिडेची सावलीही आपल्यावर पडू दिली नाही. ती शब्द ओढून धरते, स्वर शेवटच्या क्षणी थोडा वाकवते आणि भोवती वाजणाऱ्या फुंकवाद्यांपैकीच एखाद्या वाद्यासारखी त्या संचात मिसळून जाते.

१९४६ मध्ये टॅड डॅमेरॉन या संगीतकाराने तिच्यासाठी 'इफ यू कुड सी मी नाऊ' ही चाल बांधली. त्याच वर्षी तिने जॉर्ज ट्रेडवेल या ट्रम्पेटवादकाशी लग्न केले. त्याने आपले वाजवणे मागे ठेवून तिचे व्यवस्थापन हाती घेतले आणि तिचे केस, कपडे, दात, रंगमंचावरील वावर असे सगळे बदलवले. बुजऱ्या मुलीची तारका झाली खरी. मात्र तिच्या पैशांचे सर्व व्यवहारही त्याच्याच हाती गेले, आणि त्याचे परिणाम पुढे दिसले.

१९४८ मध्ये वादकांनी दुसऱ्यांदा बहिष्कार पुकारला, तेव्हा 'नेचर बॉय' हे गाणे तिने वाद्यांशिवाय, फक्त गायनवृंदाच्या साथीने मुद्रित केले. एवढी अडचण असूनही ते खपले. चर्चमध्ये वृंदाची साथ करीत वाढलेल्या मुलीला वाद्ये नसल्याने काय फरक पडणार होता?

त्यानंतर कोलंबिया या मोठ्या कंपनीची वर्षे आली, १९४९ ते १९५३. तंतुवाद्यांचा भला मोठा ताफा आणि संथ प्रेमगीते असा तो एकूण मामला होता. मे १९५० मधील काही मुद्रणे मात्र वेगळी आहेत. तेव्हा संच लहान होता आणि ट्रम्पेटवर तरुण माइल्स डेव्हिस होता. ती ऐकली म्हणजे उरलेल्या वर्षांत काय राहून गेले त्याची कल्पना येते.

१९५४ मध्ये ती मर्क्युरी कंपनीकडे गेली आणि तेथे तिच्या कारकिर्दीचे सरळ दोन खण पाडण्यात आले. बाजारात चालणारी गाणी मर्क्युरीच्या शिक्क्याने निघत आणि जॅझ निघे तो एमआर्सी या तिच्या उपशाखेच्या शिक्क्याने. हा निर्णय कंपनीचा होता, आणि माझ्या मते समीक्षकांनी पुढे या विभागणीचे खापर नाहक तिच्या डोक्यावर फोडले. तिने स्वतः चांगले गाणे आणि वाईट गाणे एवढाच भेद मानला. 'ब्रोकन हार्टेड मेलडी' हे १९५९ चे गाणे दहा लाखांहून अधिक खपले, तिच्या नावावरील सर्वांत मोठे व्यावसायिक यश ठरले, आणि ते तिला अजिबात आवडत नसे.

एमआर्सीच्या खणात मात्र सोने आहे. एप्रिल १९५४ मध्ये तिने फक्त पियानो, बास आणि ड्रम यांच्यासह 'शुली अ बॉप' मुद्रित केले. त्यात अर्थपूर्ण शब्द जवळजवळ नाहीतच. निरर्थक अक्षरांवर ती गात राहते आणि मधेच साथीदारांची ओळख करून देते. ड्रमवादकाचे नाव ती 'रॉय' आणि 'हेन्स' असे तोडून घेते, आणि त्या दोन शब्दांच्या मधली जागा रॉय हेन्स आपल्या ड्रमने भरतो. हा विनोद ठेक्याच्या आत इतका नेमका बसला आहे की हसू येते आणि समही चुकत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात, दोन दिवसांत, नऊ गाण्यांची ती प्रसिद्ध तबकडी न्यूयॉर्कमध्ये झाली. ट्रम्पेटवर चोवीस वर्षांचा क्लिफर्ड ब्राउन, टेनर सॅक्सोफोनवर पॉल क्विनिशे, बासरीवर हर्बी मॅन आणि पियानोवर जिमी जोन्स. पहिल्याच गाण्याच्या उत्तरार्धात ती या तिन्ही फुंकवाद्यांशी आळीपाळीने सवालजवाब करते. त्यात गायिका पुढे आणि वादक मागे असा भेद उरलेला नाही. दीड वर्षाने, जून १९५६ मध्ये, ब्राउन मोटार अपघातात गेला, त्यामुळे दोघांची भेट तेवढ्यावरच राहिली. जिमी जोन्सबद्दल सवडीने लिहायला हवे. तो स्वर इतक्या बेताने ठेवतो की तिला मुरड घ्यायला जागा राहते; साथ करताना काय वाजवू नये हे त्याच्याकडून शिकावे.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो तबकडीवर जसाच्या तसा आहे. मार्च १९५८ मध्ये शिकागोच्या लंडन हाउस या क्लबात, नेहमीचा कार्यक्रम आटोपल्यावर, मध्यरात्र उलटून गेलेली असताना तिचे मुद्रण चालले होते. 'थँक्स फॉर द मेमरी' गाताना 'पार्थेनॉन' या शब्दावर तिची जीभ अडखळली. तिने गाणे थांबवले, पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा त्याच शब्दावर ठेच लागली. समोरचे लोक हसतात, तीही हसते, संच निमूटपणे पुन्हा सुरू होतो, आणि कंपनीने हे सगळे न कापता प्रसिद्ध केले. त्या अडखळण्यातही तिचा स्वर कोठे हलत नाही, हे कान देऊन ऐकावे.

उत्तरायुष्याबद्दल थोडक्यात. १९६७ मध्ये मर्क्युरीशी करार संपला आणि १९७१ पर्यंत तिच्याकडे ध्वनिमुद्रणाचा करारच नव्हता. रॉकच्या त्या लाटेत तिच्या पिढीतील बहुतेकांची हीच गत झाली. १९७० च्या दशकात ती सिंफनी वाद्यवृंदांबरोबर गाऊ लागली. जॉर्ज गर्श्विनच्या गीतांच्या कार्यक्रमासाठी १९८१ मध्ये तिला एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार आणि त्याच गीतांच्या तबकडीसाठी १९८३ मध्ये ग्रॅमी मिळाले. ३ एप्रिल १९९० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती.

रेडिओवाला

लेख आवडला. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर जॅझचा कार्यक्रम सादर करीत असे, आणि लघुलहरींवर तो आपल्याकडेही ऐकू येई. आमच्या घरी थोरले काका रात्री उशिरा रेडिओची खुंटी पिळत बसत. कॉनोव्हर सावकाश आणि सुस्पष्ट बोलत असल्यामुळे इंग्रजी बेताचे असलेल्यांनाही कलाकारांची नावे कळत. सॅराचे नाव मी प्रथम काकांच्याच तोंडून ऐकले.

एक शंका विचारतो. निरर्थक अक्षरांवर गाण्याचा हा प्रकार आपल्या तराण्याच्या जवळचा मानावा काय? तिच्यात आणि तराणा गाणाऱ्यात वृत्तीचा फरक नेमका कोठे पडतो?

खर्जातली

रेडिओवाला, अक्षरांपुरते साम्य आहे, पण त्याखालची जमीन वेगळी आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि गाणारा त्याच्याशी असलेले नाते बदलत बदलत राग उभा करतो. जॅझमध्ये पियानोची स्वरसंगती दर दोन किंवा चार मात्रांनी बदलते, त्यामुळे एका क्षणी जो स्वर विसाव्याचा होता तोच पुढच्या क्षणी टोचू लागतो. बीबॉपवाल्यांनी हे बदल आणखी दाट आणि आणखी वेगवान केले. बहुतेक गायक अशा वेळी मूळ चालीचा हात सोडत नाहीत. सॅरा मात्र येणारी संगती आधी ओळखते आणि तिच्यातला आडबाजूचा, नववा किंवा कमी केलेला पाचवा असा स्वर पकडून त्यावर थांबते. आपल्याला वाटते की हा बेसूर होणार, आणि तेवढ्यात खालचा पियानो सरकतो आणि तो स्वर योग्य ठरतो. १९८२ च्या 'क्रेझी अँड मिक्स्ड अप' या तबकडीवरील 'ऑटम लीव्हज' या दृष्टीने ऐका. त्यात तिने शब्दही गायलेले नाहीत आणि मूळ चालही गायलेली नाही. गायला आहे तो फक्त त्या गाण्याचा स्वरसंगतींचा सांगाडा. ही तबकडी तिने स्वतःच्या निर्मितीखाली केली होती.

मुकुंद_द

अभ्यासपूर्ण मांडणी आहे याबद्दल दुमत नाही, तरी एक आक्षेप नोंदवतो. ज्याला आपण तिचे बळ म्हणता तेच मला तिचे दुबळेपण वाटते. बिली हॉलिडेचा गळा सॅराच्या मानाने चिमूटभर होता, परंतु ती गाते तेव्हा शब्दातला सल ऐकणाऱ्याला लागतो. सॅरा गाते तेव्हा मी तिच्या कारागिरीकडे पाहत बसतो आणि गाण्यात कोण कोणाला सोडून गेले याचा पत्ताच लागत नाही. 'सेंड इन द क्लाउन्स' हे तिने उत्तरायुष्यात सतत गायलेले गाणे घ्या. नाटकातल्या एका थकलेल्या स्त्रीचे ते स्वगत आहे, आणि सॅरा त्याचे भव्य स्मारक उभे करते. दुसरे असे की दोन खणांचे खापर कंपनीवर फोडताना तिचे पती आणि त्यांचे व्यवस्थापन यांना आपण थोडक्यात सोडून दिले आहे.

खर्जातली

मुकुंद, 'क्लाउन्स'बद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. मोठ्या सभागृहांत वर्षानुवर्षे गायल्यामुळे त्या गाण्याला अवाजवी फुगवटा आला. पण सगळ्या सॅराला हा निकष लावता येणार नाही. १९६१ ची 'आफ्टर अवर्स' ही तबकडी ऐका. साथीला मंडेल लो याची गिटार आणि जॉर्ज डुव्हिव्हिए याचा बास, एवढेच. लपायला कोठे जागाच नाही, आणि तेथे ती शब्द अतिशय सांभाळून, कधी कधी तर जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते. हॉलिडे शब्दातून दुःखाकडे जाते, सॅरा स्वरसंगतीतून जाते. तिच्या गाण्यातले दुःख एखाद्या शब्दापेक्षा अनपेक्षित कोमल स्वरात असते, आणि तिकडे लक्ष नसेल तर ते हुकते, हेही खरे.

पतींविषयी आपण म्हणता ते योग्यच आहे. १९५८ मध्ये ट्रेडवेलशी घटस्फोट झाला, तेव्हा एवढ्या वर्षांच्या कमाईतून वाटून घेण्यासाठी सुमारे १६ हजार डॉलर शिल्लक असल्याचे निघाले. त्याच वर्षी तिने क्लाइड ॲटकिन्सशी लग्न केले आणि व्यवस्थापन पुन्हा पतीकडेच सोपवले. १९६१ मध्ये दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली. हा संसारही पाच-सहा वर्षांत मोडला आणि तिच्या वाट्याला आले ते कर्ज. वर्षातले कितीतरी महिने गावोगाव फिरणाऱ्या बाईला हिशेब पाहण्यासाठी घरचाच माणूस विश्वासाचा वाटावा, हे समजण्यासारखे आहे, आणि दुर्दैवाने त्या काळातील कलावंत स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तिने काय गावे यावर या दोघांचा प्रभाव किती होता, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. रूलेट कंपनीतील १९६० ते १९६३ ही वर्षे (त्यानंतर ती मर्क्युरीकडे परतली) बरीचशी ॲटकिन्सच्या काळात येतात, आणि 'आफ्टर अवर्स' ही त्याच वर्षांतील आहे. घरात अशी दाणादाण उडालेली असताना तिचे गाणे मात्र कधी नव्हे इतके शांत झालेले आहे. त्यामुळे आयुष्यावरून गाण्याचे अनुमान काढण्याचा मोह मी आवरते.

एडिसनकर

आम्ही मराठी मंडळी न्यू जर्सीत एवढ्या संख्येने राहतो, न्यूअर्कचे विमानतळ आमच्या रोजच्या बोलण्यात असते, आणि तरीही सॅरा व्हॉन या गावची हे आमच्यापैकी अनेकांना माहीत नसते, म्हणून ही भर घालतो. तिचा अंत्यविधी न्यूअर्कमध्ये, ज्या चर्चमध्ये ती लहानपणी गात होती तेथेच झाला, आणि दफन जवळच्या ब्लूमफील्ड गावात. न्यूअर्कच्या न्यू जर्सी परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरमध्ये २०१२ पासून तिच्या नावाने जॅझ गायनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली जाते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. स्पर्धेला गेलात तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक नवे गायक तिच्यासारखा आवाज काढण्याचा प्रयत्नच करीत नाहीत, कारण तो निघणार नाही हे त्यांना ठाऊक असते. उचलतात ती तिची वळणे.

माझा प्रश्न साधा आहे. ज्याने जॅझ कधी ऐकलेलेच नाही अशा, पण ख्याल-ठुमरी ऐकणाऱ्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

खर्जातली

एडिसनकर, अशा श्रोत्याला मोठ्या वाद्यवृंदाची तबकडी आधी देऊ नये; पितळी फुंकवाद्यांचा आवाज अंगावर येतो आणि गळ्याकडे लक्ष जात नाही. 'आफ्टर अवर्स'पासून सुरुवात करावी. तेथे तिची मींड, खर्जातले उतरणे आणि स्वराच्या टोकाशी मुद्दाम उशिरा आणलेला कंप, हे सगळे ठुमरी ऐकणाऱ्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल. त्यानंतर क्लिफर्ड ब्राउनबरोबरची तबकडी घ्यावी आणि एकदा फक्त जिमी जोन्सचा पियानो ऐकावा, मग पुन्हा फक्त सॅरा ऐकावी. लय अंगात भिनली की 'नो काउंट सॅरा' लावावी. त्यात काउंट बेसी या वृंदप्रमुखाचा सगळा वृंद आहे, पण दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे खुद्द बेसी नाही, आणि शीर्षकातली कोटी त्यावरूनच केलेली आहे. पियानोवर तेथे रॉनेल ब्राइट आहे. 'शुली अ बॉप' मात्र अगदी पहिल्या दिवशी ऐकले तरी हरकत नाही; त्याला कसलीच पूर्वतयारी लागत नाही.